भुयारी पादचारी मार्गातला उजेड सुधारताना: आधी मीटर, मग भिंत, दिवा सगळ्यात शेवटी

भुयारी मार्गात अंधार असल्याची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच होतं. जुनी फिटिंग काढून त्याच भोकांमध्ये स्क्रू पिळून जास्त वॅटची नवी फिटिंग चढवतात. आठवडाभर सगळे खूश असतात. महिन्याने बघावं तर लोक पुन्हा वरून, वाहनांच्या मधून, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडताना दिसतात.

वॅट वाढले, पण उजेड जमिनीवर पडला, समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाही. बोगद्याचा मधला भाग उजळला, आत शिरायचं तोंड काळंच राहिलं. पायऱ्यांचा तर कुणी विचारच केला नव्हता. सगळं बिघडतं ते क्रमात: दिवे आधी मागवले जातात आणि ते कुठे लावायचे हे शिडीवर चढल्यावर ठरतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. काम पालिकेचे अभियंते करोत, कंत्राटदार करो किंवा तक्रार करणारे रहिवासी त्यावर लक्ष ठेवून असोत, क्रम तोच राहतो.

## टप्पा १: दिवसा एकदा, रात्री एकदा चालून या

पहिली फेरी भर दुपारी, ऊन असताना करा. बाहेर दहा मिनिटं उभे राहा आणि मग आत शिरा. उन्हात रुळलेल्या डोळ्यांना भुयाराचं तोंड काळं भोक वाटतं, आत पाऊल टाकल्यावर पहिली काही पावलं अंदाजाने पडतात. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो आणि आत शंभर असला तरी पुष्कळ. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे स्थिरावायला काही मिनिटं लागतात, पुरते रुळायला तर अर्धा तास. अंधारातून उजेडात येताना मात्र फार तर मिनिटभर. म्हणून दुपारचा धोका आत शिरताना असतो आणि रात्रीचा बाहेर पडताना, कारण तेव्हा उजळ भुयारातून माणूस एकदम काळोख्या फुटपाथवर येतो.

दुसरी फेरी रात्री, वर्दळ ओसरल्यावर करा. एकट्याने जाऊ नका. रोज तिथून जाणारी एखादी स्त्री, एखादे वयस्कर गृहस्थ आणि जमलं तर व्हीलचेअर वापरणारं कुणी सोबत घ्या. त्यांना "उजेड कसा वाटतो?" असं विचारू नका. सगळे "बरा आहे" म्हणतात. त्यापेक्षा त्यांची पावलं बघा. चाल कुठे भरभर होते, कुणी भिंत सोडून मध्यावर कुठे येतं, मान मागे कुठे वळते, त्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करा. अशा खुणा बहुतेक वेळा कोनाड्यापाशी, खांबाआड, वळणावर किंवा शेवटच्या पायरीच्या आसपास सापडतात.

दोन्ही फेऱ्यांमध्ये चौकटीच्या कागदावर नकाशा काढा. त्यात लांबी, रुंदी, छताची उंची, पायऱ्यांची संख्या, उतार, कोनाडे, गळतीच्या जागा, पाणी साचलं असेल तर त्याची भिंतीवरची रेघ, मीटर-बोर्डाची जागा आणि चालू-बंद दिवे हे सगळं यायला हवं. पाण्याची रेघ विसरू नका, ती टप्पा ६ मध्ये लागणार आहे.

पडताळणी: नकाशा काम न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. तो एकटा जाऊन प्रत्येक खूण शोधू शकला तर नकाशा पुरेसा आहे.

## टप्पा २: लक्स मीटरने मोजा

मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. मोबाइलचा सेन्सर तिरका येणारा उजेड नीट पकडत नाही आणि दोन मोबाइल एकाच जागी दोन वेगळे आकडे दाखवतात. साधा, पण तपासून घेतलेला लक्स मीटर आणा.

मोजणी अशी करा:

१. पुरता अंधार पडल्यावर जा. दिवे निदान अर्धा तास आधीपासून चालू असू द्या. जुन्या ट्यूब आणि सोडियमचे दिवे तापायला वेळ घेतात, तर एलईडी तापल्यावर त्यांचा उजेड थोडा उतरतो.

२. लांबीच्या दिशेने दर दोन मीटरवर आणि रुंदीत तीन ठिकाणी मोजा: मध्यावर आणि दोन्ही भिंतींपासून अर्ध्या मीटरवर. मीटर जमिनीवर आडवा ठेवा.

३. मग त्याच जागांवर मीटर दीड मीटर उंचीवर, उभा धरून मोजा. एकदा तोंड एका टोकाकडे, एकदा दुसऱ्या. हे माणसाच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचे आकडे आहेत आणि सगळ्यात जास्त वगळले जातात तेही हेच.

४. स्वतःची सावली मीटरवर पडू देऊ नका. मोजायला जाताना गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेड आकडा फुगवतो.

आता सरासरी काढा, सगळ्यात कमी आकडा बघा आणि कमीत कमी आकड्याला सरासरीने भागा. एक उदाहरण घेऊ. जमिनीवरचे ओळीने सहा आकडे आले १९०, ६०, २०, ५५, १८५, २०. सरासरी सुमारे ८८, अहवालात छान दिसणारी. पण किमान २० आहे आणि भागाकार येतो ०.२३. म्हणजे दिव्याखाली लख्ख आणि दोन दिव्यांच्या मध्ये अंधाराचं डबकं. चालणारा माणूस दर काही पावलांनी उजेडातून अंधारात आणि पुन्हा उजेडात जातो, त्याचे डोळे कशालाच रुळत नाहीत. अशा मार्गात आणखी वॅट घातले तर १९० चे ३०० होतील आणि २० चे जेमतेम ३०.

बंदिस्त भुयारी मार्गासाठी मी हिशेबात धरतो ते आकडे असे: रात्री जमिनीवर सरासरी १०० लक्स आणि कुठेही ५० पेक्षा कमी नाही, दिवसा सरासरी ३५०, किमान १५०. तुमच्या शहराला लागू असलेलं मानक वेगळं सांगत असेल तर ते पाळा.

सावधान: उघड्या फुटपाथचे आकडे इथे लावू नका. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या ११५:२०१० या अहवालात पादचारी वाटांसाठी सरासरी १५ लक्सपासून २ लक्सपर्यंतचे वर्ग दिले आहेत. ते मोकळ्या आकाशाखालच्या वाटेसाठी ठीक आहेत. ज्या जागेतून बाजूला पळता येत नाही तिथे १५ लक्स म्हणजे अंधारच. "नियमापेक्षा जास्तच आहे" असं उत्तर मिळालं, तर आधी विचारा की नियम कुठल्या वाटेचा आहे.

## टप्पा ३: पाणी थांबवा, मग भिंत उजळा

हा टप्पा सगळ्यांना वगळावासा वाटतो, कारण यात दिवे नाहीत. पण कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

आधी गळती. छताच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी कितीही चांगल्या फिटिंगमध्ये आज ना उद्या वाट काढतं. सांधे भरा, नाली उपसा, पंप असेल तर चालवून बघा. गळती थांबल्यावर एक पाऊस जाऊ द्या आणि ओल परत येत नाही याची खात्री करा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग सहा महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो आणि दोष रंगवाल्यावर जातो.

मग धुलाई. वाहनांच्या धुराची काजळी नुसत्या पाण्याने जात नाही. साबणाच्या पाण्याने, ब्रशने, वरून खाली घासावं लागतं. त्यानंतर छत आणि भिंतींना फिकट, बिनचमकी रंग द्या. चकचकीत ऑइलपेंट किंवा गुळगुळीत टाइल धुवायला सोपी असते, पण तिच्यात प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब उमटतं आणि डोळे दिपतात. जमीन मात्र भिंतीपेक्षा गडद असू द्या. कमी दिसणाऱ्या माणसाला भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे रंगाच्या फरकावरून कळतं.

रंगाने किती फरक पडतो याचा हिशेब घालू. मार्ग ३० मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. हवेत १०० लक्स. फिटिंगमधून निघालेल्या उजेडापैकी (तो ल्युमेनमध्ये मोजतात) जमिनीपर्यंत किती पोचतो याचा एक गुणक असतो. काजळलेल्या भिंतींना ०.३५ धरा, स्वच्छ फिकट भिंतींना ०.५. धूळ बसून आणि दिवा जुना होऊन उजेड उतरतो, त्यासाठी आणखी ०.७ चा गुणक घ्या.

काजळलेल्या भिंती: १०० × १२० ÷ (०.३५ × ०.७) = सुमारे ४९,००० ल्युमेन.

रंगवलेल्या भिंती: १०० × १२० ÷ (०.५ × ०.७) = सुमारे ३४,३०० ल्युमेन.

म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी जवळजवळ एक तृतीयांश दिवे कमी लागतात, आणि वीजही त्याच प्रमाणात वाचते. शिवाय भिंत उजळली की तिच्यासमोरचा माणूस लांबूनच दिसतो. काळ्या भिंतीपुढे काळा शर्ट घातलेला माणूस दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही, मग दिवा कितीही मोठा असो.

पडताळणी: रंग वाळल्यावर, जुन्या दिव्यांवरच टप्पा २ ची मोजणी पुन्हा करा. पुढचा सगळा हिशेब या नव्या आकड्यांवर करायचा.

## टप्पा ४: दिव्यांच्या जागा ठरवा

फिटिंग अजून निवडायची नाही. आधी जागा, मग ल्युमेन, मग मॉडेल.

छताच्या मधोमध एक ओळ ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट मांडणी. डोक्यावरून सरळ खाली पडणारा उजेड कपाळ आणि नाक उजळतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या ठेवतो. समोरचा हसतोय की रागाने बघतोय हे कळत नाही. भिंतींचा वरचा भागही अंधारात जातो आणि छत अंगावर आल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा भिंत आणि छत मिळतात त्या दोन्ही कोपऱ्यांत, लांबीभर, दोन ओळी घ्या. उजेड दोन्ही बाजूंनी तिरका येतो, चेहऱ्यावर पडतो, समोरची भिंत धुऊन काढतो, आणि एका ओळीतला दिवा गेला तर समोरची ओळ सावरून घेते. कोपऱ्यात बसणारी तिरकी फिटिंग मिळते. तिच्यावर बाटली ठेवता येत नाही, लोंबकळता येत नाही, पक्ष्यांना घरटंही करता येत नाही.

दोन दिव्यांमधलं अंतर किती? छत अडीच मीटर असेल तर अंतरही तेवढंच ठेवा. साडेतीनच्या पुढे गेलात की ठिपक्यांचा उजेड सुरू. ३० मीटरच्या मार्गात एका बाजूला १२, दोन्ही मिळून २४ फिटिंग. आता ३४,३०० ला २४ ने भागा: प्रत्येकी सुमारे १,४५० ल्युमेन. इथेच नेहमीची चूक दिसते. तोच हिशेब ४,००० ल्युमेनच्या फिटिंगने केला असता तर ९ फिटिंगमध्ये भागलं असतं, कागदावर सरासरीही तीच आली असती आणि दिव्यांमध्ये सहा-सात मीटरची अंतरं पडली असती. मोठे थोडे दिवे घेण्यापेक्षा छोटे पुष्कळ घ्या.

आता दिवसाचा हिशेब. दिवसा ३५० लक्स हवेत, म्हणजे त्याच मार्गाला १,२०,००० ल्युमेन, प्रत्येक फिटिंगला ५,००० लागतात. म्हणून फिटिंग दिवसाच्या गरजेची घ्यायची आणि रात्री मंद करायची, सुमारे २९ टक्क्यांवर. मार्ग छोटा असेल आणि दोन्ही तोंडांतून दिवसाचा उजेड आत येत असेल, तर दुपारी मोजून तेवढा वजा करा. अनेकदा दिवसाचा जादा उजेड फक्त मधल्या भागाला लागतो.

टप्पा १ मधल्या खडूच्या खुणांकडे परत या. प्रत्येक कोनाड्यात स्वतंत्र दिवा द्या किंवा कोनाडा जाळी लावून बंद करा. मी बंद करण्याच्या बाजूचा आहे. कोनाड्यातला दिवा फुटला की तिथला धोका पहिल्यापेक्षा वाढतो.

सावधान: दिव्याखालची जमीन लख्ख दिसली की काम झालं असं वाटतं. मांडणी कागदावर तपासताना दीड मीटर उंचीवरचे उभे आकडेही मागा. ते न देणाऱ्या सल्लागाराचा आराखडा परत पाठवा.

## टप्पा ५: फिटिंग निवडा

जागा नीट ठरल्या असतील तर हा टप्पा लवकर उरकतो. पत्रकात एवढं बघा:

- धूळ-पाण्यापासून संरक्षण आयपी ६५ किंवा ६६. जोरदार फवाऱ्याने धुणार असाल तर ६६.
- ठोक्यापासून संरक्षण आयके १०, म्हणजे पाच किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडलं तरी टिकणारं. छत हाताला लागेल इतकं खाली असताना याहून कमी घेऊ नका.
- पांढरा उजेड, ३,००० ते ४,००० केल्विन. त्यापुढे निळसर झाक येते आणि चेहरे आजारी दिसतात.
- रंग ओळखू येण्याचा निर्देशांक ८० किंवा जास्त. पिवळ्या सोडियम दिव्याचा तो २५ च्या आसपास असतो, म्हणून त्याच्या उजेडात निळा शर्ट आणि तपकिरी शर्ट सारखेच दिसतात. मग पोलिसांत वर्णन काय देणार?
- समोर दुधी काच किंवा दुधी पॉलिकार्बोनेट. अडीच मीटरवर उघडे एलईडीचे ठिपके डोळ्यांत टोचतात.
- मंद करता येणारा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग.

आयुष्याचा आकडा वाचताना एक भागाकार करा. ५०,००० तासांची फिटिंग रात्रीच बारा तास चालली तर अकरा वर्षांहून जास्त टिकते. भुयारात ती २४ तास चालते, वर्षाला ८,७६० तास, म्हणजे पावणेसहा वर्षंही पुरी नाहीत. हमी तासांत दिली आहे की वर्षांत, हे खरेदीआधी लेखी घ्या.

पडताळणी: एक नमुना मागवा आणि उघडून बघा. रबराची पट्टी सलग आहे का, केबल शिरते तिथे तिला घट्ट आवळणारा ग्लँड धातूचा आहे का, स्क्रू साध्या पेचकसाने निघतात का? निघत असतील तर ते रात्री दुसरं कुणीतरीही काढेल. मग फिटिंग चालू करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतो आहे. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण डोकं दुखतं आणि सीसीटीव्हीचं चित्रही खराब येतं.

## टप्पा ६: वायरिंग

हे काम परवानाधारक वायरमनचंच. देखरेख करणाऱ्याला मात्र काय तपासायचं हे माहीत हवं.

सावधान: काम सुरू करण्याआधी मेन बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवा आणि टेस्टरने खात्री करा. भुयारात जुन्या तारा कुठल्या बोर्डावरून येतात हे अनेकदा कुणालाच माहीत नसतं. एक मेन बंद केला म्हणजे सगळं मेलं असं धरू नका.

दोन सर्किट घ्या आणि दिवे एकाआड एक जोडा: पहिला एका सर्किटवर, दुसरा दुसऱ्यावर. एक सर्किट पडलं तर अर्धे दिवे तरी चालू राहतात आणि सलग अंधार कुठेच होत नाही. डावी ओळ एकावर आणि उजवी दुसऱ्यावर असं करू नका, नाहीतर एक अख्खी भिंत काळी पडते. दोन्ही सर्किट एकाच एमसीबीवर (जादा भार आल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचवर) आणून ठेवणारे महाभागही भेटतात, तेही बघा. प्रत्येक सर्किटला गळती झाल्यावर वीज तोडणारा स्वतंत्र आरसीसीबी हवा. दोघांना मिळून एकच लावला तर एका ओल्या फिटिंगने सगळं भुयार अंधारात जातं.

बोर्ड भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेच्या बराच वर, शक्य असेल तर भुयाराच्या बाहेर. केबल फिटिंगमध्ये खालून शिरू द्या. वरून शिरत असेल तर शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून टपकेल आणि आत जाणार नाही. न वापरलेलं प्रत्येक भोक बूच लावून बंद करा. एका उघड्या भोकाने आयपी ६६ ची फिटिंग पावसात उघड्या डब्यासारखी होते.

बॅटरीवर चालणारे काही दिवे असावेत: दोन्ही टोकांना, वळणावर आणि जिन्यांवर. वीज गेल्यावर ते आपोआप लागले पाहिजेत.

पडताळणी: रात्री एक सर्किट बंद करून चालून या. मग दुसरं. मग दोन्ही बंद करून बॅटरीचे दिवे किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून बघा.

## टप्पा ७: तोंड, जिने आणि उतार

आतला उजेड नीट झाला की तोंडाची अडचण वाढते. रात्री शंभर लक्समधून बाहेर पडलेला माणूस पाच लक्सच्या फुटपाथवर काही क्षण आंधळा असतो, आणि अंधारात उभ्या असलेल्याला तो मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून बाहेरच्या वाटेवर, जिना संपल्यानंतरही काही अंतर, उजेड टप्प्याटप्प्याने उतरत जाईल असे दिवे घ्या. तोंडाजवळची झुडपं, फलक आणि टपऱ्या उजेड अडवत असतील तर त्या हलवाव्या लागतात. हे काम दिव्यांच्या कंत्राटात कधीच नसतं, म्हणून ते आधीच कुणाच्या तरी नावावर टाका.

जिन्यावर दिवा असा लावा की उतरणाऱ्याची सावली त्याच्या पुढच्या पायरीवर पडणार नाही. पाठीमागे, उंचावर एकच दिवा असला तर नेमकं तेच होतं. बाजूच्या भिंतींवर दोन्हीकडून उजेड द्या. प्रत्येक पायरीच्या काठावर विरुद्ध रंगाची न घसरणारी पट्टी लावा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पायरी विसरू नका, माणसं पडतात ती तिथेच. उतारावर दिवे जमिनीलगत लावून वर रोखू नका. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या डोळ्यांची उंची कमी असते आणि तो उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो.

कॅमेरा असेल तर तो आतून बाहेर रोखलेला नसावा. दिवसा त्यात उजळ चौकट आणि काळ्या आकृत्यांखेरीज काही येत नाही.

## टप्पा ८: चालू-बंद आणि मंद करणं

फोटोसेल, म्हणजे दिवस की रात्र हे उजेडावरून ओळखणारा सेन्सर, बाहेर, आकाशाकडे तोंड करून लावा, कुठल्याही दिव्याचा उजेड त्याच्यावर न पडता. दिवे फक्त रात्रीच पूर्ण लागायचे अशा एका कामावर मी तो भुयाराच्या तोंडावर, आतल्या बाजूला लावलेला पाहिला. संध्याकाळी दिवे पूर्ण लागले की त्यांचाच उजेड सेन्सरवर पडायचा, सेन्सरला दिवस झाल्यासारखं वाटून तो दिवे उतरवायचा आणि मिनिटभराने पुन्हा चढवायचा. रात्रभर हेच. तक्रार "व्होल्टेज कमी-जास्त होतं" अशी नोंदवली गेली आणि दोनदा केबल तपासली गेली. सेन्सर दोन मीटर बाहेर सरकवल्यावर प्रश्न संपला.

माणूस आल्यावर लागणारे सेन्सर भुयारात वापरायचे असतील तर एक अट पाळा: दिवा कधीही पूर्ण विझता कामा नये. अंधाऱ्या भुयाराच्या तोंडाशी येऊन "मी शिरलो की लागेल" असा विश्वास कुणी ठेवत नाही, माणूस वरूनच जातो. वर्दळ नसतानाही ५० लक्सची किमान मर्यादा सांभाळा. इतपत खाली आणून जी वीज वाचते ती पुरेशी आहे.

## टप्पा ९: ताबा घेण्याआधीची रात्र

कंत्राटदाराचा अहवाल बाजूला ठेवा, स्वतः मोजा. टप्पा २ मधल्याच जागा, तोच मीटर, तीच पद्धत. नव्या कामाचे आकडे उद्दिष्टाइतकेच आले तर काम कमी पडलं आहे. धूळ आणि जुनेपणासाठी आपण ०.७ चा गुणक धरला होता. म्हणजे नंतर १०० राहायचे असतील तर पहिल्या रात्री सुमारे १४० दिसायला हवेत. पहिल्याच रात्री १०० असतील, तर ते पुढे ७० वर येतील.

मग चेहऱ्याची चाचणी. तुमच्या ओळखीचा एक माणूस दोन दिव्यांच्या मध्ये उभा करा, दहा मीटरवरून त्याच्याकडे चालत या. चार मीटरवर त्याचा चेहरा आणि त्यावरचे भाव स्पष्ट कळले पाहिजेत. तेवढ्या अंतरावर अजून वळता येतं, थांबता येतं. आठ-दहा जागी, दोन्ही दिशांनी, हे करा. उपकरण लागत नाही, आणि माझ्या मते मीटरच्या आकड्यांपेक्षा ही चाचणी जास्त खरं बोलते.

खडूच्या खुणा केल्या होत्या तीच माणसं पुन्हा बोलवा आणि पुन्हा पावलं बघा.

## टप्पा १०: देखभालीची घडी

प्रत्येक फिटिंगवर मोठा, लांबून वाचता येईल असा क्रमांक रंगवा. "मधला दिवा बंद आहे" या तक्रारीवर वायरमन तीन फेऱ्या मारतो, "१७ नंबर बंद आहे" यावर एक. तक्रारीचा नंबर दोन्ही तोंडांवर लिहा.

दिव्यांची काच आणि भिंती दर तीन महिन्यांनी धुवा, वाहनांचा धूर जास्त असेल तर महिन्याने. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा रॉकेल लावू नका, त्याला बारीक तडे जातात. उच्च दाबाचा गाड्या धुण्याचा पंप फिटिंगवर थेट मारू नका, आयपी ६६ त्यासाठी नसतं. बॅटरीचे दिवे महिन्यातून एकदा वीज तोडून तपासा. त्याच बनावटीच्या चार-पाच फिटिंग कामाबरोबरच जास्तीच्या घेऊन ठेवा. तीन वर्षांनी ते मॉडेल बाजारात नसतं आणि मग ओळीत एक दिवा निळा, एक पिवळा असं ठिगळ लागतं.

सगळ्यात शेवटी नकाशा, फिटिंगचे क्रमांक, कुठला दिवा कुठल्या सर्किटवर आणि पहिल्या रात्रीचे सगळे आकडे एका कागदावर छापा, प्लास्टिकमध्ये बंद करा आणि बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी मीटर घेऊन कुणी आलं, तर पहिला आकडा त्याला तिथेच सापडेल.